फॅटी ॲसिड प्रोफाइल, घरपोच: सुई उत्तम, सल्ला बिनकामाचा

फॅटी ॲसिड प्रोफाइल म्हणजे रक्तातल्या चरबीत कोणती आम्लं किती आहेत, ते मोजणारी तपासणी. रत्नागिरीत घरी येऊन रक्त नेणाऱ्या एका लॅबचं हे पॅकेज लेकीने पुण्यात बसून माझ्यासाठी बुक केलं. माझे ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) 212, एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) 6.0, दोन्ही जास्तच, त्यामुळे तिला घोर लागलेला. लॅबचं नाव लिहीत नाही.

आधी चांगलं सांगते. सकाळी सातची वेळ दिली होती, सातला मुलगा दारात. आमची खानावळ, त्या वेळी वाटणाची घाई. त्याने ओट्याजवळच स्टूल ओढलं, "काकी, मूठ घट्ट धरा" म्हणाला आणि एका टोचण्यात काम. माझी शीर शोधताना भल्याभल्यांना घाम फुटतो! जांभळ्या झाकणाच्या नळीवर नाव लिहून मला वाचायला लावलं, मगच ती थंड डब्यात ठेवली. या मुलाला पैकीच्या पैकी.

पैसे भरण्याआधी एक विचारून घ्या: तपासणी प्लाझ्माची (पेशी वगळून उरणाऱ्या पातळ भागाची) की तांबड्या पेशींची? प्लाझ्मात अलीकडच्या दिवसांचं खाणं दिसतं. तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते, म्हणून तिच्या आवरणातली चरबी गेल्या काही महिन्यांचा हिशेब देते. बुकिंग करताना हे कुठेच दिसलं नाही. रिपोर्टच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात होतं, की माझी तांबड्या पेशींची आहे.

ईपीए आणि डीएचए, म्हणजे माशातलं ओमेगा-3, मिळून पेशींतल्या चरबीच्या 6.4 टक्के. 4 च्या खाली हृदयाला धोका, 8 च्या वर उत्तम, हा दंडक हॅरिस आणि फॉन शाकी यांनी 2004 साली मांडला. पण माझं रक्त घेतलं ऑगस्टच्या मध्यावर. जून-जुलै मासेमारी बंद, मिरकरवाड्यात होड्या शाकारलेल्या, आमच्या ताटात सुकट नाहीतर चिकन. त्या पेशींचं निम्मं आयुष्य बंदीतच गेलं की! फॉर्मवर एक प्रश्न विचारायला काय जात होतं?

खरी गंमत फोनवरच्या आहारतज्ज्ञांची. पॅकेजमध्ये दहा मिनिटांचा सल्ला होता. पामिटिक आणि पामिटोलेइक या चरबीतल्या दोन आम्लांपुढे 'जास्त'चे लाल बाण, ते बघून बाई म्हणाल्या, "नारळ बंद करा, ऑलिव्ह ऑइल वापरा, आठवड्यातून दोनदा सॅल्मन मासा खा." मी म्हटलं, बांगडा-तारलीचं काय वाईट आहे? तर म्हणे, "तेही चालेल." चालेल!

कागद आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले, खोबरेल तेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक हे वेगळंच आम्ल, पामिटिक फार तर दहावा हिस्सा. भात आणि साखर गरजेपेक्षा जास्त झाली की यकृत त्यांचीच चरबी बनवतं, आणि त्या कारखान्याचा माल म्हणजे ही दोन आम्लं. ट्रायग्लिसराइड्सही त्यातूनच चढतात. दुपारचं गिऱ्हाईक उरकल्यावर मी जो भाताचा डोंगर घेऊन बसते, त्याबद्दल फोनवर चकार शब्द नाही. (नारळ मोकाट सोडा असं नाही, एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढतं त्याने.)

रिपोर्टमधली आणखी एक ओळ कोणी वाचलीच नाही. चरबीतली 15 आणि 17 कार्बन अणूंची आम्लं प्रामुख्याने दूधदुभत्यातून येतात. 2014 साली युरोपातल्या 8 देशांच्या मोठ्या अभ्यासात ती ज्यांच्या रक्तात जास्त, त्यांच्यात मधुमेह कमी आढळला. कारण तेच आहे असं त्यातून सिद्ध होत नाही. माझी अगदी कमी, कारण मी कोरा चहा पिणारी. पण सल्ला द्यायला बसलात तर निदान विचारा तरी.

आता पैशांचं. साध्या लिपिड प्रोफाइलच्या कितीतरी पट दर आहे. ज्यांची साखर आणि ट्रायग्लिसराइड्स अजून तपासलेलीच नाहीत, त्यांनी आधी ती करावीत, ती इथेच होतात. ती बिघडलेली असतील आणि रिपोर्ट समजावणारा डॉक्टर हाताशी असेल, तरच या भानगडीत पडा, तेही दिवाळीनंतर, ताजी मासळी दोन-तीन महिने पोटात गेल्यावर.

पाचपैकी तीन तारे. सल्ल्याबद्दल तक्रार केली, तर थायरॉइड चाचणीवर सवलतीचं कुपन पाठवलं. ते मी वापरणार आहे, पण तोच मुलगा पाठवा म्हणून आधी सांगून.