३२ मण्यांची माळ, थर्मामीटर आणि पाळीचा तक्ता : नऊ महिने वापरून आणि शिकवून

लातूर-धाराशिवकडच्या गावांत, महिला गटांच्या बैठकीत दिवस जाण्याची शक्यता असलेले दिवस ओळखायला शिकवण्यासाठी या तीन वस्तू नऊ महिने शेजारी-शेजारी ठेवून वापरल्या. आधी निकाल. माळ शिकवायला सगळ्यात सोपी, पण ती लागू पडते त्या बायका कमी. थर्मामीटर खोटं बोलत नाही, पण बीज सुटून गेल्यावरच बोलतो. खरं काम होतं ते तक्त्यातल्या ओलाव्याच्या, म्हणजे योनीमार्गातून येणाऱ्या ओलीच्या रकान्यात, आणि तो रकाना नीट भरता यायला निदान तीन पाळ्या जातात.

माळेत १ लाल मणी, मग ६ तपकिरी, १२ पांढरे आणि १३ तपकिरी. पाळी आली त्या दिवशी रबराचं कडं लाल मण्यावर, पुढे रोज एक मणी. पांढरे मणी म्हणजे ८ ते १९ हे दिवस. मूल नको असेल तर या दिवसांत संबंध नको, नाहीतर निरोध. शेवटच्या तपकिरी मण्यांत २७ व्या दिवसाचा मणी गडद आहे. कडं त्याच्यापर्यंत पोचण्याआधीच पाळी आली तर चक्र २६ दिवसांपेक्षा आखूड, आणि ३२ मणी संपून दुसऱ्या दिवशीही आली नाही तर लांब. वर्षात असं दोनदा झालं की माळ आपल्यासाठी नाही, हे पाकिटावर मोठ्या अक्षरांत असायला हवं. जॉर्जटाऊन विद्यापीठाच्या या पद्धतीची चाचणी २००२ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात नियम तंतोतंत पाळणाऱ्या १०० जणींपैकी वर्षात साधारण ५ जणींना दिवस गेले, आणि चुकतमाकत वापर धरला तर १२ जणींना.

माळेचे दोष घरगुती आहेत. लेकरं कडं सरकवतात. सकाळी हलवलं की नाही हे आठवत नाही म्हणून संध्याकाळी पुन्हा हलवलं जातं. उपाय एकच : पाळीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणेनं लिहायची आणि आठवड्यातून एकदा मणी आणि तारीख ताडून बघायची. माळ देवघराच्या खुंटीला तर अडकवूच नये, त्यावरून होणारा वाद कुणालाच परवडत नाही.

पण सगळ्यात महागात पडणारी चूक मण्यांची नाही, पहिल्या दिवसाची आहे. इकडे पुष्कळ जणी दिवस धरतात ते डोक्यावरून न्हाल्यापासून, म्हणजे चौथ्या दिवसापासून. तसं कडं लावलं तर पांढरे मणी खऱ्या ११ ते २२ दिवसांवर जाऊन बसतात, आणि ८, ९, १० हे दिवस तपकिरी, म्हणजे ‘बिनधोक’ दिसतात. आखूड चक्राच्या बाईला नेमक्या याच दिवसांत दिवस जाऊ शकतात. म्हणून ‘पाळी कधी आली?’ एवढं विचारून भागत नाही; ‘कापड कधी घेतलं?’ असं विचारावं. नुसता डाग लागला तो दिवस धरायचा नाही, धार लागली तो पहिला. वयस्क बायका तिथीवर सांगतात, ‘एकादशीला आली होती’. तेव्हा शुद्ध की वद्य हे विचारलं नाही तर पंधरा दिवसांचा घोळ होतो. तिथीचा क्षय किंवा वृद्धी असेल तर एखाद्या दिवसाचा फरक वेगळाच.

थर्मामीटरसाठी महागडं यंत्र लागत नाही. औषधाच्या दुकानातला साधा डिजिटल, फॅरनहाइट दाखवणारा, चालतो. फॅरनहाइटचा एक दशांश म्हणजे सेल्सिअसचा जेमतेम ०.०६ अंश, त्यामुळे एका दशांशाचा फॅरनहाइट एका दशांशाच्या सेल्सिअसपेक्षा जास्त बारीक वाचतो. जाग आली की अंथरुणातच, पाणी-चहा-मंजन काहीही होण्याआधी, जिभेखाली, तोंड मिटून. ‘बीप’ झाल्यावरही दोन-तीन मिनिटं तसाच ठेवावा. बीपवर लगेच काढला की आकडे वरखाली नाचतात. बीज सुटून गेलं हे ओळखायचा नियम असा : आधीच्या ६ दिवसांतल्या सगळ्यात वरच्या आकड्यापेक्षा सलग ३ दिवस वर, आणि तिसरा दिवस निदान ०.४ अंश वर. तापमान घेण्याआधी किमान तीन तास सलग झोप हवी. नवरात्राचं जागरण, ताप, मध्येच बदललेला थर्मामीटर असं काही असेल तर तो आकडा कंसात टाकायचा आणि हिशेबात धरायचा नाही.

मराठवाड्यात दोन ठिकाणी ही पद्धत लंगडी पडते. एक, मे महिना. आज गच्चीवर, उद्या कूलरसमोर, परवा वीज गेली म्हणून ओसरीवर झोप. आलेख करवतीसारखा निघतो. दुसरं, दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणाऱ्या बायका. रात्री-बेरात्री गाडी भरायला उठणाऱ्या बाईला रोज ठरल्या वेळी तापमान घे म्हणणं ही चेष्टा आहे. तिला ओलाव्याचाच रकाना द्यावा.

हा रकाना शिकवताना शब्द चुकले की सगळं चुकतं. ‘स्राव’ म्हटलं की उत्तर येतं, ‘हो, अंगावरून पांढरं जातं, अशक्तपणा आहे.’ पाळीच्या मध्यावर येणारी ओल आजार नाही, हे सांगण्यात पहिली बैठक संपते, संपू द्यावी. खाज, जळजळ, कुबट वास, हिरवट-पिवळा रंग, दह्याच्या गुठळ्यांसारखं पांढरं : यातलं काही असेल तर तक्ता बाजूला ठेवून दवाखाना. नाहीतर चार शब्द पुरतात. कोरडं. चिकट, म्हणजे खळीसारखं, बोटांत तुटणारं. सायीसारखं. आणि तार येणारं. पुस्तकांत कच्च्या अंड्याच्या पांढऱ्याची उपमा असते, माळकरी घरात ती कामाची नाही. एकतारी पाक किंवा चिरलेल्या भेंडीची तार म्हटलं की लगेच कळतं. अंगठा आणि तर्जनीत इंचभर ताणली जाते, पारदर्शक असते आणि पुसताना बोट सरकतं.

बघायचं लघवीला जाण्याआधी, दिवसातून तीन-चार वेळा. लिहायचं रात्री, त्यातलं सगळ्यात ओलं जे दिसलं ते. धुतल्यावर लगेच बघितलं तर पाण्याची ओल फसवते. आदल्या रात्री संबंध आला असेल तर गोंधळ होतोच. शंका वाटली तर पेलाभर पाण्यात थेंब सोडावा : बीजाच्या दिवसांतली ओल गोळा होऊन तळाशी जाते, वीर्य विरघळून पसरतं. सर्दीच्या काही गोळ्या ही ओलही आटवतात, आणि खोबरेल तेल वापरलं तर त्या दिवशीची नोंद रद्द.

तारेचा शेवटचा दिवस तो शिखराचा, आणि तो दुसऱ्या दिवशी कोरडं झाल्यावरच कळतो. शिखरानंतरची तिसरी संध्याकाळ आणि तापमानाचा तिसरा वरचा दिवस, यांतलं जे उशिरा येईल तिथून पुढे बिनधोक. बीज १२ ते २४ तास टिकतं, शुक्रजंतू अशा ओलीत ५ दिवसांपर्यंत, म्हणूनच कोरडेपणा संपल्या दिवसापासून सावध राहायचं. मूल हवं असेल तर हेच उलटं : तार दिसेल त्या दिवसांत, दिवसाआड तरी. वरचं तापमान १८ दिवस टिकलं तर लघवीची तपासणी करावी.

मोबाइलमधल्या ॲपबद्दल थोडक्यात : मागच्या तारखांची सरासरी काढून पुढचे दिवस रंगवतं. वहीसारखं वापरावं, त्याच्या हिरव्या रंगावर भरवसा ठेवू नये. फोन घरात सामाईक असेल तर कागदच बरा.

कुणी सुरू करू नये? बाळंतपणानंतर पाळी परत बसलेली नसताना माळ नको. ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन घेतलेल्यांचं चक्र शेवटच्या सुईनंतर कित्येक महिने जागेवर येत नाही. ‘छाया’ या गर्भनिरोधक गोळीनं पाळी लांबते, तेव्हा मणी मोजण्यात अर्थ नाही. २१ दिवसांच्या आत किंवा ३५ दिवसांनंतर येणारी पाळी, ७ दिवसांवर जाणारं रक्त, तीन महिने पाळीच नाही : हे आधी डॉक्टरकडे. आणि नवरा ऐकणारा नसेल तर तक्ता कितीही सुबक असो, आशाताईंकडून दुसरं साधन घ्यावं. या सगळ्या पद्धती मिळून नेहमीच्या वापरात वर्षाला १०० पैकी २ ते २३ जणींना दिवस जातात. तो फरक पद्धतीचा आहे तितकाच घराचाही.

छापील तक्त्याबद्दल एक तक्रार उरते. त्यात ३१ च रकाने आहेत, जणू पाळी इंग्रजी महिन्यावर चालते. निदान ४० हवेत, दिवसाच्या आकड्याखाली तारखेची मोकळी चौकट हवी, आणि नांदेड-संभाजीनगरकडे उर्दूत छापताना पहिला दिवस उजवीकडे घ्यावा.