जुन्या ट्रकला ५.९ लिटरचं कमिन्स डिझेल इंजिन टाकलं, वर्षभर वापरून सांगतो

पेट्रोल व्ही-८ काढून १२ व्हॉल्व्हचं ६बीटी (या कमिन्सचंच मॉडेल) बसवलं. हॉर्सपॉवरचे आकडे बघून इंजिन घेऊ नका राव, लोड ओढायला खालचा टॉर्क, म्हणजे कमी आरपीएमला मिळणारा ओढायचा जोर लागतो आणि हे १६००-१७०० आरपीएमलाच पूर्ण जोर देतं, भरलेली गाडी चढावर गिअर न पाडता जाते. डिझेलचा पंप मेकॅनिकल, ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटरच नाही, म्हणजे वायरिंगची कटकट जवळपास शून्य. वजन मात्र ५०० किलोच्या आसपास, मी पुढचे पाटे आधी बदलले नाहीत तर गाडीनं नाकच टेकवलं, प्रत्येक स्पीडब्रेकरला खालून खर्रर्र! डिफरन्शियलचा (अ‍ॅक्सलमधल्या गिअरचा) रेशोपण बघा, कारण २५०० आरपीएमच्या पुढं हे इंजिन फार पळत नाही. आवाजाचं विचारूच नका. सेकंडहँड घेताना टायमिंग केसमधली (इंजिनच्या पुढच्या गिअरांच्या डब्यातली) डॉवेल पिन, म्हणजे छोटी खुंटी, चेक कराच, ती सुटून गिअरात पडली की खेळ खल्लास.