घरच्या वर्कशॉपसाठी छोटा लेथ: ७ बाय १४ घेऊन आठ महिने झाले

गेले आठ महिने घरच्या दहा बाय दहाच्या खोलीत ७ बाय १४ चा टेबल लेथ (धातू फिरवून कातायचं छोटं यंत्र) चालवतोय, रोज नाही पण आठवड्यातून चार-पाच संध्याकाळी नक्कीच, त्यामुळे आता यावर लिहायला हरकत नाही. सोलापुरात नीलम नगरकडे राहतो, आजूबाजूला सगळे माग, वडील मिलमध्ये जॉबर (कामगारांवरचे मुकादम) होते, बुश, पिना, स्टड असले मागाचे सुटे भागच बघत मोठा झालो आणि स्वतःच्या घरी लेथ असावा ही फार जुनी इच्छा. घ्यायच्या आधी सात-आठ महिने नुसता विचार करण्यात गेले, म्हणून जे कळलं ते सविस्तर लिहितो.

खरा प्रश्न एकच होता, नवा छोटा चायनीज घ्यायचा का जुना साडेचार फुटी देशी. राजकोट, बटाल्याचे लेथ आपल्याकडे फुटावर विकतात आणि नवीन माणूस इथंच चुकतो, कारण साडेचार फूट ही बेडची (ज्यावर सगळं सरकतं त्या खालच्या भागाची) लांबी, दोन सेंटरमध्ये (दोन्ही टोकांच्या टेकूंमध्ये) मावणारा जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, त्यापेक्षा बराच आखूड असतो. चायनीजमध्ये आकडे वेगळ्या हिशोबानं, ७ म्हणजे बेडवर फिरू शकेल तो सात इंची डाया (व्यास) आणि १४ म्हणजे सेंटरमधलं अंतर. पण क्रॉस स्लाईडच्या (टूल आडवं सरकवणाऱ्या भागाच्या) वरून जाणारा डाया सातपेक्षा खूपच कमी, आणि चकात (फिरणाऱ्या पकडीत) जॉब धरून टेलस्टॉकला (समोरच्या टोकाच्या आधाराला) ड्रिल चक लावला की १४ इंचातले हातात किती उरतात ते दुकानात टेप लावून बघाच.

जुनं मशीन बघायला अक्कलकोट रोडला एमआयडीसीत गेलो होतो, सोबत वडिलांच्या ओळखीचे एक जुने टर्नर (लेथ चालवणारे कारागीर), त्यांना आम्ही मामाच म्हणतो. लेथ बाहेरून झकास, नवा हिरवा रंग, चक चकचकीत, मी जवळजवळ हो म्हणालोच होतो. मामा म्हणाले, "मशीन बगालास का रंग बगालास?" मग त्यांनी सॅडलचा (टूल घेऊन बेडवर सरकणाऱ्या भागाचा) लॉक बोल्ट हलका आवळला आणि मला हँडव्हील फिरवायला लावलं. चकाजवळ सॅडल लोण्यासारखी सरकली, टेलस्टॉककडे नेली तशी जड होत गेली आणि शेवटी अडकलीच. वर्षानुवर्षं सगळी आखूड कामं चकाजवळ झाली की बेड तिथंच घासतो, शेवटाकडचा बेड मात्र कोरा राहतो. अशा मशीनवर लांब शाफ्ट मारला की टेपर येणारच, म्हणजे एक टोक जाड, दुसरं बारीक. नंतर त्यांनी माझं नख बेडवरून फिरवून घेतलं, चकापुढे वीतभर अंतरावर पायरी लागली, डोळ्याला काही दिसत नव्हतं. बेड ग्राइंडिंगचा खर्च धरला तर तो व्यवहार परवडत नव्हता. जुना लेथ घेणाऱ्यानं एवढी एक परीक्षा तरी करावीच.

चांगला देशी लेथ मिळाला असता तर घेतला असता का? खालची खोली असती तर डोळे झाकून. वजन म्हणजेच लेथची ताकद, जड बीडाचा बेड कंप पिऊन टाकतो. पण माझी खोली पहिल्या मजल्यावर, चार माणसांनी न हलणारं मशीन जिन्यानं कसं नेणार, आणि घरात कनेक्शन सिंगल फेज. थ्री फेज मोटर व्हीएफडीवर (सिंगल फेजमधून थ्री फेज बनवणाऱ्या ड्राइव्हवर) चालते, पण २३० व्होल्टवर चालवायची तर डेल्टा (त्रिकोणी जोडणीचं) कनेक्शन लागतं, मोटरच्या सहाही वायरी बाहेर काढलेल्या आहेत का ते आधी बघावं लागतं.

आता माझ्या मशीनबद्दल. वजन चाळीस किलोच्या आसपास, दोघांनी उचलून वर नेलं. स्पिंडलला (चक फिरवणाऱ्या दांड्याला) एमटी ३, टेलस्टॉकला एमटी २, एमटी म्हणजे मोर्स टेपर, आतल्या निमुळत्या भोकाचं माप. आल्या आल्या चालू करू नका, अंगावर गंज लागू नये म्हणून चिकट ग्रीस फासलेलं असतं, मी रॉकेलनं सगळं धुतलं तेव्हा क्रॉस स्लाईडच्या खाली बारीक कीस निघाला. गिब (स्लाईडमधला ढिलेपणा काढायच्या पट्ट्या) पूर्ण ढिल्या होत्या, त्या बसवायला एक अख्खा रविवार गेला, पण त्यानंतर फिनिशमध्ये जो फरक पडला तो बघून फार समाधान वाटलं. विकणाऱ्यानं सेटिंग करून पाठवतो म्हटलेलं, तसं काही केलेलं नव्हतं, आणि स्पेअर गिअरचा सेट तीन वेळा मागूनही आला नाही. हेडस्टॉकमधले (चकामागच्या पेटीतले) गिअर प्लास्टिकचे आहेत, टूल जॉबमध्ये रुतलं की दात जातात, माझा एक गेला, मोटर मात्र वाचली. तेव्हा गिअर सेट मशीनसोबतच पदरात पाडून घ्या.

एमएसमध्ये (माइल्ड स्टीलमध्ये) अर्धा मिलिमीटर डेप्थ आरामात घेतो, पितळ आणि ॲल्युमिनियम तर सुंदरच. क्रॉस स्लाईडच्या डायलवर एक घर म्हणजे ०.०२५ मिलिमीटर, आणि डायामध्ये ०.०५ जातो, हे पहिल्या आठवड्यात अंगवळणी पाडा. पार्टिंग, म्हणजे जॉब कापून वेगळा करणं, हा याचा खरा कमकुवत भाग, टूल थरथरतं, गुरगुरतं. मी कंपाउंड स्लाईड (टूलखालची छोटी स्लाईड) काढून तिथं एमएसचा भरीव ठोकळा बसवला, ब्लेड जेमतेम लागेल तेवढंच बाहेर, उंची बरोबर सेंटरला, स्पीड कमी आणि तेल चालू, आता २० एमएमचा रॉड विनातक्रार कापतो. टूल्स एचएसएसची (हाय स्पीड स्टीलची) घ्या आणि घासायला शिका, एवढ्या हलक्या मशीनला धारदार एचएसएस कार्बाइडपेक्षा जास्त मानवतं.

मागाची कामं करणार असाल तर आट्यांचा विषय आधी समजून घ्या. जुन्या मागांना बीएसडब्ल्यू (जुने ब्रिटिश इंची) आटे, तीन-अष्टमांश इंची बोल्टला इंचाला १६. माझा लीडस्क्रू (सॅडल ओढणारा लांब स्क्रू) दीड मिलिमीटर पिचचा, पिच म्हणजे दोन आट्यांतलं अंतर, १२७ दातांचा गिअर नसेल तर पिच अचूक येत नाही, जवळपास येतो, नटाच्या लांबीपुरता चालून जातो. पण मेट्रिक लीडस्क्रूवर इंची आटे पाडताना हाफनट (सॅडलला लीडस्क्रूशी जोडणारा नट) मधेच सोडायचा नाही, मोटर उलटी फिरवून टूल मागं आणायचं, नाहीतर दुसरा कट पहिल्या आट्यात बसत नाही.

आपल्या उन्हाचं पण सांगतो. मे महिन्यात २५ एमएमचा पितळी बुश मशीनवर गरम असतानाच मापला आणि साइजला आणला, थंड झाल्यावर मिलिमीटरच्या जवळजवळ दोन शतांशानं बारीक, जिथं ठोकून बसायला हवा होता तिथं हातानं गेला. आता शेवटच्या कटाआधी जॉब हाताला गार लागेपर्यंत थांबतो. शेजारच्या कारखान्यातून कापसाची धूळ उडून तेलकट बेडवर बसते, ती किसाबरोबर मिसळून पॉलिशपेस्टसारखी घासते, म्हणून काम झालं की पुसून, तेल लावून रेक्झिनचं कव्हर. सुती चादर टाकू नका, पावसाळ्यात तिच्यात ओल धरली आणि माझ्या बेडवर तांबूस डाग पडले.

पैसे मोजताना मशीनच्या किमतीच्या वर आणखी तिसरा हिस्सा बाजूला ठेवा, माझा तेवढा गेला, फोर जॉ (चार जबड्यांचा) चक, डायल गेज (बारीक फरक मोजायचं घड्याळ), क्विक चेंज टूल पोस्ट (टूल पटकन बदलायचा धारक) आणि बेंच ग्राइंडर यात. यातलं फोर जॉ आणि डायल गेज पहिल्याच दिवशी हवं, टूल पोस्ट सहा महिन्यांनी घेतला तरी चालतं, तोपर्यंत जुन्या हॅक्सॉ ब्लेडचे तुकडे टूलखाली घालून उंची जुळवा, मी तेच केलं.