कॉम्पोझिट विमानाच्या किटचं शेपूट आणि धड: दहा महिन्यांच्या कामानंतरचा अनुभव

गेल्या मे महिन्यात बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या शेडमध्ये दोन लांबलचक खोकी उतरवून घेतली. दोन सीटच्या कॉम्पोझिट विमानाचं किट होतं, बंगळूरच्या एका गृहस्थांनी सुरू करून सोडून दिलेलं. धडाचे डावा-उजवा असे दोन तयार शेल, शेपटाच्या वरच्या-खालच्या स्किन, बल्कहेडसाठी (धडातल्या आडव्या भिंतींसाठी) सपाट पॅनेल, काचेच्या कापडाचे रोल आणि जाडजूड मॅन्युअल. रेझिन-हार्डनर (दोन्ही मिसळलं की इपॉक्सी होतं) जुनं झालेलं, ते मी नवीन घेतलं. आज मार्चमध्ये धड बंद झालंय, आडवं शेपूट बसलंय, एलिव्हेटर आणि रडर (विमानाचं नाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे वळवणारे शेपटाचे हलते भाग) मोकळे फिरतात. पंखांना अजून हात लावलेला नाही, त्यामुळे हे सगळं शेपूट आणि धडापुरतंच.

किट चांगलं आहे, हे आधी सांगतो. शेल म्हणजे सँडविच: दोन्ही बाजूंना काचेच्या कापडाचा पातळ थर आणि मध्ये फोम. एवढं लांब धड, पण अर्धा शेल आम्ही दोघं सहज उचलतो. लोखंडी गर्डरच्या वरच्या-खालच्या पट्ट्या जे काम करतात ते इथे काच करते, आणि फोम त्या दोन थरांना एकमेकांपासून लांब धरून ठेवतो. घरी विमान बांधणाऱ्यांच्या हातात ही विद्या दिली ती मुख्यतः बर्ट रुटान यांनी. १९७५ साली त्यांचं व्हेरिइझी उडालं, मग लाँग-ईझी आलं. साचा नाही, फोम तापलेल्या तारेने कापायचा आणि त्यावर ओलं कापड चढवायचं. त्यांनीच आखलेलं व्हॉयेजर १९८६ मध्ये कुठेही न उतरता, वाटेत इंधन न भरता नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आलं. माझ्या किटमध्ये शेल साच्यातून तयार आलेत, म्हणजे आकार देण्याचं काम वाचलं. राहिले ते जोड, आणि दहापैकी सात महिने त्या जोडांनीच घेतले.

रिव्हेट मारलं की त्याचं डोकं दिसतं, बोटाला लागतं. इपॉक्सीचा जोड आतून धरलाय की नुसता टेकलाय, हे बाहेरून कळत नाही. म्हणून प्रत्येक जोडाबरोबर मी एक छोटा तुकडा बनवतो. शेलच्याच कातरणाचा, तेवढाच घासलेला, त्याच कपातलं मिश्रण लावलेला. आम्ही त्याला साक्षीदार म्हणतो. पूर्ण कडक झाला की व्हाइसमध्ये धरून मोडायचा. जोड पक्का असेल तर काचेचे तंतू उपटून येतात, मोडलेली कड पांढरी आणि केसाळ दिसते. कच्चा असेल तर पापुद्रा सोलावा तसा सुटतो.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सीटमागच्या बल्कहेडचा साक्षीदार मोडला. फार जोर लागलाच नाही. टक् असा कोरडा आवाज आला आणि पट्टी अखंड हातात आली. खालची जागा आरशासारखी. शेजारच्या फौंड्रीतले पॅटर्नमेकर (ओतकामासाठी लाकडी नमुने करणारे) काका उभे होते. लाकडी पॅटर्नवर रेझिनचं काम करण्यात त्यांचा जन्म गेलाय. तुकडा उजेडात तिरका धरून म्हणाले, "चिकटलंच नाही की रे हे. चकाकतंय बघ. पावसाने वर आलेला थर पुसलास काय आधी?"

पुसलं नव्हतं. चार दिवस झड लागली होती, शेडमधला हायग्रोमीटर (हवेतला दमटपणा मोजणारा) नव्वद टक्क्यांच्या वर. अशा हवेत हार्डनरमधलं अमाइन हवेतल्या पाण्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावतं आणि कडक होणाऱ्या थरावर मेणासारखा पातळ थर साचतो. सकाळी बोट फिरवलं तेव्हा साबण लागल्यासारखं झालं होतं, पण मी तसाच सँडपेपर चालवला. तिथेच चुकलं. घासल्याने ते मेण जात नाही, ओरखड्यांमध्ये भरतं. आधी कोमट पाणी आणि खरखरीत घासणीने धुवायचं, कोरडं करायचं, मग सँडपेपर. मॅन्युअलमध्ये यावर एकच ओळ आहे, तीही एका चौकटीत कोपऱ्यात. कोरड्या हवेत बसून लिहिलेलं मॅन्युअल आहे ते. बेळगावचा जून ते सप्टेंबर त्यांनी पाहिलेला नाही. ज्याला आपल्याकडे, खानापूर-बेळगाव पट्ट्यात हे काम करायचंय त्याने ती ओळ मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावावी.

तो बल्कहेड कापून काढायला, कडा साफ करायला आणि नवा बसवायला अकरा दिवस गेले. वाईट वाटलं, पण तो जोड विमानात राहिला असता तर काय, हा विचार आला की अकरा दिवस काहीच वाटत नाहीत.

त्यानंतर शेडमध्ये प्लास्टिकच्या कागदाची खोली केली, आत डीह्युमिडिफायर ठेवला. हायग्रोमीटरचा काटा साठच्या खाली आल्याशिवाय कप ढवळायचा नाही. प्रत्येक थरावर पील प्लाय. हे नायलॉनचं साधं कापड ओल्या थरावर बसवायचं आणि कडक झाल्यावर ओढून काढायचं. वर जमलेलं मेण बहुतेक त्याच्याबरोबर निघून जातं आणि खाली खरखरीत, जोडायला योग्य पृष्ठभाग मिळतो. तरीही मी हलकं घासतोच. आजवर ४३ साक्षीदार मोडले, त्यातले तीन नापास. दोन जुलैचे आणि एक जानेवारीतला. जानेवारीत पहाटे शेड चौदा अंशांवर गेलं होतं, मिश्रण कडकच झालं नव्हतं, तुकडा चामड्यासारखा वाकला. त्या जोडाला उष्णता दिली, दुसरा साक्षीदार केला, तो पास झाला.

धडाचे दोन अर्धे बंद करताना घाई करू नका. बंद केल्यावर आत फक्त हात जातो, डोकं जात नाही. शेपटाकडच्या टोकाला आतून कापडाची पट्टी लावायला मी काठीला फोमचा रोलर बांधला आणि आरसा-टॉर्च घेऊन तीन तास पालथा पडून होतो. कंट्रोल केबलच्या पुल्या, रडरचे ब्रॅकेट, सगळं आधी बसवा, तपासा, फोटो काढा. तपासणीला येणाऱ्या माणसाला पुढे तेच फोटो दाखवावे लागतात.

शेपूट सरळ बसवायला महागडी लेझर घेऊ नका. गवंड्याची लेव्हल ट्यूब आणि ओळंबा पुरेसा आहे. आडव्या शेपटाच्या दोन्ही टोकांना ट्यूबमधलं पाणी सारखं आलं पाहिजे, आणि फायरवॉलच्या (इंजिनमागच्या भिंतीच्या) मध्यबिंदूपासून दोन्ही टोकांचं अंतर सारखं. पहिल्या मापात सात मिलिमीटरचा फरक निघाला. चार दिवस पाचर सरकवत दीड मिलिमीटरवर आणला, तेव्हाच इपॉक्सी ढवळलं. धडाचा पाळणा काकांनी सागवानी फळ्यांचा करून दिला, शेलच्या वळणाला बरोबर बसणारा. त्या पाळण्याशिवाय हे जमलं नसतं.

वजनाबद्दल माझा हात सुरुवातीला सैल होता. कापड चमकेपर्यंत रेझिन ओतायचो. जास्तीचं रेझिन ताकद देत नाही, फक्त वजन देतं. शेपटावर ४०० ग्रॅम जास्त चढलं. शेपूट गुरुत्वमध्यापासून सुमारे ३.२ मीटर मागे, बॅटरी सुमारे १.२ मीटर पुढे. म्हणजे तेवढ्यासाठी नाकात एक किलोहून जास्त वजन ठेवावं लागणार. आता प्रत्येक थर वजनकाट्यावर: कापड तोलायचं, जवळपास तेवढंच रेझिन घ्यायचं, बाकी स्क्वीजीने ओढून काढायचं. काटा ०.१ ग्रॅमचा घ्या. छोट्या कपात हार्डनरचा एक-दोन ग्रॅमचा फरकही प्रमाण बिघडवतो.

एलिव्हेटरच्या पुढच्या शिंगात (बिजागरीच्या पुढे आलेल्या टोकात) शिसं भरून बिजागरीवर तोल साधायचा असतो. मागचा भाग जड राहिला तर एका ठरावीक वेगाला तो स्वतःच फडफडायला लागतो आणि शेपूट तोडू शकतो. हा तोल रंग दिल्यानंतर पुन्हा तपासायचा, कारण रंगालाही वजन असतं. रंग पांढराच. खोलीच्या तापमानात कडक झालेलं इपॉक्सी साठ अंशांच्या आसपास मऊ पडू शकतं, आणि एप्रिलच्या उन्हात गडद पृष्ठभाग त्याच्याही वर जातो. त्यासाठी पोस्टक्युअरही केलं, म्हणजे कडक झालेल्या इपॉक्सीला पुन्हा उष्णता दिली: धड पाळण्यातच ठेवून, भोवती जुन्या रजयांचा तंबू, हीटर आणि चार थर्मामीटर, तापमान हळूहळू वर.

किटमधल्या बिजागरीच्या ब्रॅकेटची भोकं जुळत नव्हती, ही माझी किटबद्दलची एकमेव खरी तक्रार. पण या बाबतीत आपण नशीबवान आहोत. हायवेवर हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनतात, उद्यमबागेत गल्लोगल्ली मशीन शॉप आहेत. ६०६१-टी६ अॅल्युमिनियमचे नवे ब्रॅकेट सर्टिफिकेटसकट आठवड्यात मिळाले. धातूचं काम इथे कुणीही करून देईल. काच-इपॉक्सीचं मात्र स्वतःच शिकावं लागतं.

एक कळकळीची सूचना: हातमोजे नायट्रिलचेच वापरा, दर तासाला बदला. सप्टेंबरमध्ये माझ्या मनगटावर पुरळ आलं. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही, आणि मग विमान अर्धवट ठेवून थांबावं लागतं. घासताना तोंडावर चांगला मास्क, अंगभर कपडे, आणि नंतर थंड पाण्याने अंघोळ. गरम पाण्याने काचेची खाज वाढू शकते.

पंखांचं खोकं बांधलेलंच आहे. सांबरा विमानतळाच्या बाजूने विमानाचा आवाज आला की ते उघडावंसं वाटतं, पण पंखाचा स्पार (पंखातली मुख्य तुळई) म्हणजे सगळ्यात मोठा जोड. या पावसाळ्यात मी फक्त साक्षीदार बनवणार आहे, वेगवेगळ्या हवेत, वेगवेगळ्या घासणीचे. ते ऑक्टोबरमध्ये मोडून बघेन, मग खोकं उघडेन.