सेवा केंद्रावरचा डेस्कटॉप: प्रोसेसर झकास, एसएमपीएसनं जीव खाल्ला

लाईन गेली, यूपीएस ओरडायला लागला आणि तरीही कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा चालू झाला, तर आधी एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) तपासा. विंडोजच्या मागे लागू नका. याच एका गोष्टीवरून माझं आणि दुकानदाराचं पावसाळाभर वाजलं.

राळेगाव तालुक्यात माझं आपले सरकार सेवा केंद्र आहे. जुलैत पीक विमा, उत्पन्नाचे दाखले, महाडीबीटी सगळं एकदमच येतं. मध्येच कोणाला पासपोर्ट फोटो हवा असतो, कोणाला वाढदिवसाचं बॅनर. जुनी मशीन विंडोज ११ घेत नव्हती आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे जाहीरच होतं, म्हणून दिवाळीआधी नवीन असेंबल करून घेतली. इंटेलचा आय५-१२४०० प्रोसेसर, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम, एनव्हीएमई एसएसडी. लॅपटॉप नकोच होता. जो भाग जाईल तेवढाच बदलता यावा, एवढीच माझी अट.

कामाला मशीन तोड नाही. सहा कोअर, बारा थ्रेड. सगळी पोर्टलं उघडी, मागं स्कॅनिंग चालू, कोरलमध्ये बॅनर, तरी माउस अडकत नाही. हिवाळ्यात लिहायला बसलो असतो तर १६ जीबी भरपूर झाली म्हणालो असतो. विम्याच्या शेवटच्या आठवड्यात फोटोशॉपही उघडं राहिलं आणि मेमरी ९० टक्क्यांच्या वर गेली. आता ३२ करणार. बोर्डावर दोन स्लॉट रिकामे हवेत, हे मी घेतानाच बजावलं होतं.

मे महिन्यात प्रोसेसरसोबत आलेल्या पंख्याबद्दलचं मतही बदललं. बाहेर ४५ अंश, डोक्यावर टिन. हा प्रोसेसर १०० अंशांपाशी पोचला की स्वतःच वेग उतरवतो. त्यात समोर जिनिंग, कॅबिनेटच्या जाळीवर रुईचा थर बसतो. ब्लोअर मारल्यावर फरक पडतो, पण आपल्याकडे वेगळा मोठा पंखा बसवून घेतलेलाच बरा.

आता एसएमपीएस. तो कॅबिनेटसोबतच आला होता. हिवाळ्यात लाईन फारशी जात नाही, म्हणून काही कळलं नाही. पावसाळ्यात वारा सुटला की फीडर ट्रिप होतो आणि प्रत्येक वेळी मशीन रिस्टार्ट. अर्धा भरलेला अर्ज गेला की शेतकऱ्याला पुन्हा ओटीपी मागायचा, आणि तो माणूस निंदण सोडून आलेला असतो. मला याचा फार राग येतो.

दुकानदार म्हणाला, “भाऊ, विंडोज करप्ट आहे, फॉरमॅट मारून देतो.” पाचशे रुपये घेतले, दुसऱ्याच दिवशी तेच. मग मी त्याच यूपीएसवर जुनी मशीन लावली आणि मेनचा प्लग ओढला. ती चालूच राहिली, हललीसुद्धा नाही. हे सांगितलं तर म्हणे, “बिलात एसएमपीएस वेगळा कुठं आहे? वॉरंटी कशाची देऊ?”

कारण साधं आहे. साधा यूपीएस बॅटरीवर यायला साधारण ४ ते १० मिलिसेकंद घेतो. एटीएक्सच्या (डेस्कटॉपच्या एसएमपीएसचं मानक) आधीच्या २.x आवृत्तीप्रमाणे एसएमपीएसनं पूर्ण लोडवर निदान १६ मिलिसेकंद कपॅसिटरच्या (थोडी वीज साठवणारा भाग) जोरावर दम धरायला पाहिजे. स्वस्त मालात कपॅसिटरच लहान टाकतात. लोड कमी असेल तर निभतं, सगळं एकदम चालू असलं की नाही.

शेवटी ५५० वॅटचा, ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा), अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचा (मेनमधून करंट नीट ओढणारं सर्किट असलेला) एसएमपीएस दुसऱ्या दुकानातून घेतला. साडेतीन हजारांच्या आत, पाच वर्षं वॉरंटी, बिलावर स्वतंत्र ओळ. त्यावर इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय, ते मी मुद्दाम पाहिलं. ओलिताचे पंप सुरू झाले की आमच्याकडं व्होल्टेज १८० पर्यंत उतरतं. एक मात्र सांभाळा: अ‍ॅक्टिव्ह पीएफसीच्या काही एसएमपीएसचं स्वस्त यूपीएसशी जमत नाही. मी यूपीएस गाडीवर बांधून दुकानात नेला, मशीनवर लोड टाकला, प्लग ओढून पाहिला आणि मगच पैसे दिले. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका, त्याचा हीटर एकदम जास्त करंट ओढतो.

तेव्हापासून लाईन जाते, अर्ज जात नाही. फॉरमॅटचे पाचशे रुपये मात्र मला परत पाहिजेत. पावती माझ्याकडं आहे आणि राळेगावला गेलो की मी त्या दुकानात जातोच.