पंचवीस हजारांत पहिला कॅमेरा: कॅनन १५००डी आणि फिफ्टी, दहा महिन्यांनंतर

बजेट २५ हजार. रब्बीच्या मक्याचे पैसे आले तेव्हा घरातल्या खर्चाच्या यादीत कॅमेरा सगळ्यात खाली होता, त्यामुळे त्यावर एक रुपयाही वाढवून मिळणार नव्हता. नव्यात मनासारखं काही बसेना, म्हणून सेकंडहँड. जळगावच्या एका कॉलेजच्या मुलाकडून कॅनन १५००डी घेतला, सोबत १८-५५ची किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबरच येणारी), १७ हजारांना. ६ हजारांना जुनीच ५० एमएम एफ १.८ एसटीएम लेन्स, जिला सगळे फिफ्टी म्हणतात (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं उघडतं). उरलेल्या दोनात कार्ड, बॅग आणि धूळ उडवायचा रबरी ब्लोअर.

निकॉनचा डी३५०० पण बघितला होता. हाताला पन्नास-साठ ग्रॅम हलका आणि पकड छान. पण त्याच्या बॉडीत फोकसची मोटर नाही. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या, स्वतःची मोटर नसलेल्या एएफ-डी लेन्स त्यावर बसतात, पण फोकस हातानेच करावा लागतो. मोटरवाल्या लेन्स घ्याव्यात तर माझं गणित कोलमडत होतं. कॅननच्या ईएफ लेन्सची मोटर लेन्समध्येच असते. मी तेवढ्यावर ठरवलं, बाकी फरक माझ्यासारख्या नवशिक्याला कळलेही नसते.

जुना कॅमेरा घेणाऱ्यांसाठी एक सांगतो. तो मुलगा मला फाइल नंबर दाखवत होता, "बघा दादा, तीन हजारच फोटो झालेत." तो नंबर ९९९९ झाला की पुन्हा ०००१ पासून सुरू होतो, त्यामुळे तीन हजार म्हणजे तेवीस हजारही असू शकतात. मी एफ १६ लावून त्यांच्या पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला आणि झूम करून सेन्सरवर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या आतल्या भागावर, डाग आहेत का ते पाहिलं. लेन्समध्ये मोबाइलचा टॉर्च मारून बुरशी शोधली. आधी एका ठिकाणी चार हजारांची फिफ्टी अशीच सोडून दिली होती, आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे होते.

आता मुख्य तक्रार, आणि ती माझ्या स्वतःबद्दलच आहे. जो तो सांगायचा, "किट लेन्स फेकून दे, फिफ्टी घे." मी ऐकलं. श्रावणात घरी कानबाई, म्हणजे आमच्या खानदेशातली देवी, बसली, तेव्हा मोठ्या हौसेने फिफ्टी लावून उभा राहिलो. आमचं अमळनेरचं जुनं घर, देवाची खोली दहा बाय दहा. पाठ भिंतीला टेकली तरी फ्रेममध्ये कानबाईचा मुखवटा आणि काकूंचा अर्धा खांदा. या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यामुळे ५० एमएमची लेन्स ८० एमएमसारखी, म्हणजे आणखी अरुंद दाखवते. हे वाचलेलं होतं, पण पाठ भिंतीला लागेपर्यंत समजलं नव्हतं. रोटाचं ताट, फुलोरा, जागरणाला बसलेल्या बाया, सगळं शेवटी त्या फेकून द्यायच्या किट लेन्सने १८ एमएमवर, म्हणजे सगळ्यात रुंद करून काढलं. मध्येच आजी म्हणाली, "मन्हा बी फोटू काढ ना रे भाऊ." तिच्यासाठी मात्र फिफ्टी लावली. समईच्या उजेडातला तो फोटो दहा महिन्यांतला माझा सगळ्यात चांगला फोटो आहे.

म्हणजे फिफ्टी वाईट नाही. डिसेंबरात मळ्यात भरीत पार्टी झाली. काट्या पेटवून वांगी भाजणं चालू होतं आणि उजेड फक्त त्या जाळाचा. किट लेन्स ५० एमएमला एफ ५.६च्या पुढे उघडत नाही, शटर १/१० सेकंदावर, म्हणजे फारच हळू आलं, वांगी सोलणाऱ्यांचे हात नुसते वाफेसारखे. फिफ्टी लावली, तेवढ्याच उजेडात १/१००. जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो, हा फरक महागडी बॉडी घेऊनही भरून निघाला नसता. फक्त एफ १.८वर जवळून काढलं तर एक डोळा स्पष्ट आणि दुसरा धूसर होतो. मी आता २.५च्या खाली सहसा जात नाही.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात माती खाल्ली, शब्दशः. घोडे नाचत होते, टापांनी धुरळा उडत होता आणि मी मधोमध उभा राहून लेन्स बदलली. घरी येऊन बघतो तर आकाशाच्या प्रत्येक फोटोत उजव्या कोपऱ्यात दोन काळे ठिपके. ब्लोअरने एक गेला, दुसऱ्यासाठी साफसफाईचे सहाशे रुपये मोजले. तेव्हापासून जत्रेला एकच लेन्स नेतो, आणि ती किटच.

ऊन हा आमच्याकडचा वेगळा विषय. मॅन्युअलमध्ये ४० अंशांपर्यंतच वापरा असं लिहिलंय. खानदेशात राहून एप्रिल-मेमध्ये कॅमेरा कपाटातच ठेवायचा की काय? वापरला, तक्रार आली नाही. पण एका लग्नाला दुपारभर तो गाडीच्या डिकीत राहिला आणि स्वस्तात घेतलेली दुसरी, लोकल बॅटरी आतच फुगली. चिमट्याने ओढून काढावी लागली. आता ओरिजिनल एकच वापरतो आणि तीच रात्री चार्ज करतो.

बॉडीबद्दल थोडक्यात: स्क्रीन वळत नाही, टच नाही, सेकंदाला तीनच फोटो. धावत्या घोड्याला तीन कमीच पडतात. वायफायने फोटो मोबाइलवर घेता येतात, घरच्यांना तेवढंच हवं असतं. आयएसओ (कमी उजेडासाठी वाढवायची सेन्सरची संवेदनशीलता) १६००पर्यंत बिनधास्त, ३२००ला दाणे दिसतात, ६४०० नाइलाज असेल तरच.

हतनूरला पक्षी बघायला गेलो होतो, ते सांगायचंच राहिलं. धरणावर बदकांचे थवे, आणि ५५ एमएमवर ती पाण्यात सांडलेल्या तिळासारखी. पुढची खरेदी त्यामुळे ठरलीय, ५५-२५० एसटीएम, जुनीच. पुढेमागे मिररलेस (आत आरसा नसलेला नव्या पद्धतीचा कॅमेरा) घेतला तरी अॅडॉप्टर लावून या लेन्स कॅननच्या नव्या बॉडीवर चालतात, म्हणून बॉडी बदलायची घाई नाही.

फिफ्टी सध्या चुलतभावाकडे आहे, त्याच्या मुलीच्या बारशासाठी. खोली लहान आहे, किट लेन्सही घेऊन जा म्हणून सांगितलं होतं, ऐकलं नाही.