भूलपूर्व तपासणी: उत्तरे चोख, पांघरूण गायब

पत्नीच्या स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनिमित्त गेल्या महिन्यात उत्तर गोव्यातील एका खासगी इस्पितळाच्या भूलपूर्व तपासणी कक्षात जाण्याचा प्रसंग आला. ईसीजी, रक्ताचे अहवाल, तोंड किती उघडते, दात हलतात का, रक्तदाबाची गोळी कोणती, ही नेहमीची तपासणी वीस मिनिटांत उरकली आणि तीत नाव ठेवण्याजोगे काही नव्हते. खरी कसोटी पुढच्या अर्ध्या तासात लागली.

वायूची भूल रोगप्रतिकारक पेशी मारते व त्यामुळे कर्करोग पसरतो, असा एक संदेश नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात फिरत होता आणि त्याने पत्नीची झोप उडवली होती. भूलतज्ज्ञ बाईंनी तो न हसता शेवटपर्यंत वाचला. ‘काकी, यातले अर्धे खरे आहे,’ एवढे सांगून त्यांनी कागद पुढे ओढला. गाठ काढताना रक्तात सुटणाऱ्या कर्करोगाच्या पेशी टिपण्याचे काम ज्या पेशी करतात, त्या नैसर्गिक मारक पेशींची क्षमता सेव्होफ्लुरेनसारख्या वायूंमुळे घटते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. मॉर्फिन व फेंटानिल या अफूवर्गीय वेदनाशामकांबाबतही तशीच निरीक्षणे आहेत. शिरेतून दिले जाणारे भुलेचे औषध प्रोपोफॉल, जे सोयाबीन तेलाच्या मिश्रणामुळे दुधासारखे पांढरे दिसते, या मारक पेशींना तुलनेने कमी दुखावते, पण जंतू गिळणाऱ्या न्यूट्रोफिल पेशींना परीक्षानळीत तेही मंदावते. शिवाय शस्त्रक्रियेची जखम आणि वेदना यांमुळे शरीरात वाढणारी कॉर्टिसॉल व अ‍ॅड्रिनॅलिन ही संप्रेरके याच पेशींना दाबत असल्यामुळे दोष औषधाचा किती आणि सुरीचा किती, हे वेगळे काढणे अवघड असते.

मी रसायनशास्त्राचा निवृत्त शिक्षक असल्याने मला पुरावा हवा होता. तोही मिळाला. २०१९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या दोन हजारांहून अधिक स्त्रियांपैकी काहींना मणक्यालगत सुई देऊन तो भाग बधिर करण्यासोबत प्रोपोफॉल, तर बाकीच्यांना सेव्होफ्लुरेन व अफूवर्गीय वेदनाशामके दिली होती, रोग परत उद्भवण्याचे प्रमाण दोन्ही गटांत सुमारे १० टक्केच निघाले. परीक्षानळीतला निष्कर्ष थेट माणसाला चिकटवण्याची ही चूक मी विद्यार्थ्यांच्या वह्यांत अनेकदा लाल शाईने खुणावली आहे. स्वतःच्या घरात मात्र ती मला ओळखता आली नव्हती.

औषधाच्या नावापेक्षा रुग्णाचे अंग उबदार ठेवण्याकडे आपले अधिक लक्ष असते, असे बाईंनी पुढे सांगितले. थंडीने त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला प्राणवायू कमी पडतो, आणि जंतू मारण्यासाठी न्यूट्रोफिलना तोच प्राणवायू लागतो. आतड्याच्या शस्त्रक्रियेच्या २०० रुग्णांवरील १९९६ च्या अभ्यासात, अंग थंड पडू दिलेल्यांपैकी १९ टक्क्यांच्या जखमेत संसर्ग झाला होता, तर उबदार ठेवलेल्यांत ६ टक्क्यांच्या.

त्यामुळेच शस्त्रक्रियेच्या दिवशीचा अनुभव अधिक खटकला. ऑपरेशन थिएटरबाहेरील दालनात पत्नीला पातळ सुती झग्यात पन्नास मिनिटे बसवून ठेवले होते, आणि बाहेर मे महिन्याचा घाम असताना आत वातानुकूलन इतके कडक होते की तिची बोटे गार पडली. पांघरूण मागितल्यावर ‘धुवायला गेलीत’ असे उत्तर आले. शेवटी भूलतज्ज्ञ बाईंनीच येऊन गरम हवेचे पांघरूण लावून घेतले. संमतिपत्रही केवळ इंग्रजीत होते; कोकणी किंवा मराठीत बोलणाऱ्या रुग्णांच्या इस्पितळात ते का, हे मला समजले नाही, आणि त्याचा मजकूर पत्नीला मीच वाचून दाखवला.

तपासणी कक्षाला मी पाचपैकी साडेचार गुण देतो आणि त्या दालनाला दीड. टाके काढायला गेलो तेव्हा दालनाच्या दाराशी पांघरुणांची चळत रचलेली दिसली. तक्रारवहीतील माझ्या नोंदीखाली मात्र अजून कुणाचीही सही नव्हती.